जो जोडेल, तोच मेन चढवेल

शाळेतली पोरं त्यांना टेस्टरबाई म्हणत, कारण त्यांच्या अंबाड्यात काट्याऐवजी कायम एक टेस्टर खोचलेला असे. नववी-दहावीच्या मुलांना त्या वीजकाम शिकवायच्या. होल्डर कसा बसवायचा, जिन्यातला एकच दिवा खालून आणि वरून कसा लावायचा, वायरीचं आवरण सोलताना आतली तार कशी दुखवायची नाही, असलं सगळं. इतिहासाचे गुरुजी त्यांना चिडवायचे, "बाई, आमचं शिकून पोरांचं काय होईल ते देव जाणे. तुमचं शिकून निदान घरातला पंखा तरी फिरेल." बाई हसायच्या. पंखा फिरायला लागला की त्यांचं काय होतं, हे त्या गुरुजींना कोण सांगणार?

कारण या बाई विजेला भ्यायच्या. पाचावर धारण बसेल इतक्या भ्यायच्या.

हे घरात फक्त दोघांना ठाऊक होतं. एक नवरा, सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, मोजकं बोलणारा माणूस. तो सकाळी दुकान उघडण्याआधी बायकोच्या कपड्यांना इस्त्री करून ठेवायचा आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढायचा नाही. दुसऱ्या सासूबाई. त्या मात्र मोजकं वगैरे बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. सून स्वयंपाकघरातली बटणं लाटण्याच्या टोकाने दाबते हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं. "जगाला वीज शिकवते आणि घरातला मिक्सर मी लावायचा!" त्या म्हणायच्या. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच." पण मिक्सर लावायच्या त्याच, आणि शेजारणीपाशी या कानाचं त्या कानाला कळू द्यायच्या नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांनाही कळत होतं. शाळेतला बाईंचा करार वर्षावर्षाचा होता. विजेला घाबरणारी वीजकामाची बाई कोण ठेवून घेईल?

बाई मुळात अशा नव्हत्या. शाळेत येण्याआधी त्या एका कारखान्यात मोठमोठी विजेची पॅनेलं जोडायच्या, आणि त्यांच्या हाताची सफाई बघायला पुरुष कामगार येऊन उभे राहायचे. एका दुपारी त्या पॅनेलमध्ये हात घालून एक स्क्रू आवळत होत्या. पलीकडच्या सहकाऱ्याला वाटलं, बाई जेवायला गेल्या. त्याने चाचणीसाठी मेन स्विच चढवला, वीज सुरू केली. बाई मागच्या भिंतीवर जाऊन आदळल्या. जीव वाचला, डाव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कायमची बधिर झाली. त्या सहकाऱ्याने दवाखान्यात येऊन पाया पडून माफी मागितली, बाईंनी माफही केलं. पण परत कामावर गेल्या तेव्हा मेनच्या दांड्याकडे हात जाईना. डोकं सांगायचं, अगं, काही होत नाही. हात ऐकायचा नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तेवढंच असतं तर ठीक होतं. इथे ताकाचं भांडं दिसलं तरी घाम फुटत होता. शेवटी त्यांनी कारखाना सोडला. शाळेत काय, मेलेल्या वायरी आणि खडू-फळा, असा त्यांचा हिशेब होता.

हिशेब पहिल्याच प्रात्यक्षिकाला चुकला. शाळेच्या मागे पत्र्याच्या छपराची जुनी कोठी होती, तिलाच वर्कशॉप म्हणायचं. भिंतीवर सरावाचे लाकडी बोर्ड, मधोमध एक लांब लोखंडी टेबल आणि दाराजवळ लोखंडी पेटीतला मेन स्विच. मुलांनी बोर्ड जोडले, बाईंनी प्रत्येक जोड तपासला, आणि सगळी पोरं दिवा कधी लागतो म्हणून बाईंकडे बघत उभी राहिली. बाईंनी मेनकडे पाहिलं. आणि त्या भीतीतून, कुठून आलं कोण जाणे, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मी कशाला? जो जोडेल, तोच मेन चढवेल."

पोरं खूश! एकेकाने ऐटीत पुढे येऊन मेन चढवला, दिवा लागला की टाळ्या. दारात मुख्याध्यापक कधीचे उभे होते. त्यांनी ते वाक्य ऐकलं आणि त्यांना ते इतकं आवडलं की ठळक अक्षरांत रंगवून वर्कशॉपच्या भिंतीवर लावून घेतलं. स्वावलंबन, आत्मविश्वास, कृतीतून शिक्षण... सभेत सर बाईंच्या वाक्यावर बराच वेळ बोलले. बाई खाली मान घालून बसल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, विनय.

बाईंची दुसरी शिस्तही होती, आणि ती खरोखरच कामाची होती. बोर्डाला हात लावण्याआधी मेन पाडायचा, त्यातला चिनी मातीचा फ्यूज उपसून काढायचा आणि खिशात टाकायचा. फ्यूज खिशात असेपर्यंत कुणी मेन चढवला तरी वीज येत नाही. जुने वायरमन हेच करतात. दांडा पाडायला आणि फ्यूज काढायलाही बाई एखाद्या मुलालाच पुढे करायच्या, खिसा मात्र त्यांचा. शिवाय रोज तास सुरू होताना कवायत. बाई एकदम ओरडायच्या, "करंट!" आणि जो मेनच्या जवळ असेल त्याने काठीने दांडा पाडायचा, बाकीच्यांनी ज्याला झटका बसला त्याला हात न लावता मागे व्हायचं. पोरं कंटाळायची. "बाई, आज प्रार्थनेच्या जागी हेच म्हणू का?" असं लवंगीने एकदा विचारलं होतं.

लवंगी म्हणजे दहावीतली एक मुलगी. अंगाने एवढीशी, जिभेने तिखट, म्हणून लवंगी. तिची आई शिवणकाम करायची आणि मुलीनेही तेच करावं असं तिचं म्हणणं होतं. लवंगी म्हणायची, सुईत दोरा ओवण्यापेक्षा पाइपात वायर ओवेन. हात तिचा बाईंच्या जुन्या हातासारखा होता. तिला काम करताना बघून बाईंना बरं वाटायचं आणि त्याच वेळी धडकीही भरायची.

मग ती उकाड्याची दुपार आली. एका कारखान्यातले पाहुणे शाळेत येणार होते. परीक्षेनंतर कुणाला उमेदवारीवर, म्हणजे शिकाऊ म्हणून, कामाला घेता येईल ते बघायला. मुलं नटूनथटून आलेली, सर घामाघूम. मेन पाडलेला, फ्यूज बाईंच्या खिशात. लवंगीच्या बोर्डावरचा होल्डर सैल निघाला म्हणून ती घाईने तो पुन्हा बसवत होती. बोर्ड भिंतीवरून उतरवून वायरीसकट लोखंडी टेबलावर ठेवलेला, तिचं कोपर टेबलाला टेकलेलं, बोटांत उघडी तार.

तेवढ्यात शिपाईमामा दारात आले. पाहुणे येणार आणि वर्कशॉपचे पंखे बंद, हे त्यांना बघवेना. मामा म्हणजे देवमाणूस, कुणाच्या अडीअडचणीला धावणारा. त्यांनी मेनची पेटी उघडली. फ्यूज गायब. गेला असेल जळून, नाहीतर पोरांनी उचलला असेल! ऑफिसातल्या खणात जुना फ्यूज होता, तो मामांनी आणला, बाईंची पाठ होती तेवढ्यात बसवला, मेन चढवला आणि ते पाहुण्यांना घ्यायला फाटकाकडे पळाले. पंखे आणि सरावाचे बोर्ड एकाच मेनवर होते, हे मामांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

बाईंना आधी दिसला तो पंखा. डोक्यावरचा पंखा सावकाश फिरायला लागला होता. त्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला. फ्यूज खिशातच होता. गार, जड. आणि पंखा फिरत होता.

मग त्यांनी लवंगीकडे पाहिलं. लवंगी ओरडली नव्हती. तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. मुठीने तार घट्ट आवळली होती आणि अख्खं अंग थरथरत होतं. तिचे डोळे सरळ बाईंच्या डोळ्यांत होते.

मेन हाताच्या अंतरावर होता. बाई उभ्याच राहिल्या. 'करंट' हा शब्द, रोज घसा फोडून ओरडलेला, तोंडातून बाहेर पडत नव्हता. त्यांना सगळं दिसत होतं, कळत होतं, आणि हात जात नव्हता.

"करंट!" ओरडलं कुणीतरी पोरांतलंच. एका मुलीने कोपऱ्यातली काठी उचलून मेनवर हाणली. दांडा खाडकन खाली आला. लवंगी टेबलावरून जमिनीवर कोसळली. पोरं मागे झाली, दोघं दवाखान्याच्या गाडीसाठी धावली. सगळं शिकवल्याप्रमाणे झालं.

लवंगी वाचली. तळहात भाजला होता, कोपराला जखम होती, दोन दिवस डॉक्टरांनी हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवलं आणि घरी पाठवलं. शिपाईमामा दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले. आणि बाईंचं? बाईंचं कौतुक झालं! "मुलांची इतकी तयारी करून घेतली होती म्हणून जीव वाचला," असं सर पाहुण्यांसमोर, पालकांसमोर, ज्याच्या त्याच्यासमोर सांगत सुटले. करार पुढच्या वर्षासाठी पक्का झाला. विजेची गळती होताच पुरवठा आपोआप तोडणारा नवा स्विचही वर्कशॉपला बसला, जो बाई किती दिवस मागत होत्या.

बाईंची झोप मात्र उडाली. त्या गोंधळात त्यांच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. एकीने पाहिलं होतं. ती परत येऊन काय बोलेल, या विचाराने त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आणि याहून वाईट म्हणजे, ती परत आलीच नाही तर बरं, असा विचार एकदा भाजी चिरताना त्यांच्या मनात आला. त्या सुरी खाली ठेवून बसून राहिल्या. स्वतःची इतकी किळस त्यांना कधी आली नव्हती.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, पोर मरत होती आणि मी बघत उभी होते."

सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि उरलेली भाजी त्यांनी चिरली.

लवंगी आली. हाताची पट्टी निघाली होती, कातडी अजून गुलाबी होती. आईने शिवणाच्या वर्गात घालायचा हट्ट धरला होता, हिने दाद दिली नव्हती. तिने गुपचूप बोर्ड जोडला. नेहमीच्या टिवल्याबावल्या नाहीत, काही नाही. बाईंनी जोड तपासले. सगळे बरोबर होते. एका मुलाने फ्यूज बसवला आणि वर्ग लवंगीकडे बघू लागला. जो जोडेल, तोच मेन चढवेल.

लवंगी मेनपाशी गेली. हात वर केला. हात अर्ध्यातच थांबला. बाईंनी तो हात पाहिला. तो हात त्यांना चांगला ओळखीचा होता.

त्यांनी बाकीच्यांना बाहेर, छपराच्या सावलीत पाठवलं. दोघीच उरल्या.

"बाई, त्या दिवशी तुम्ही हलला नाहीत," लवंगी मेनकडे बघतच म्हणाली.

"नाही हलले."

"मी तुमच्याकडेच बघत होते. मला वाटलं, आत्ता येतील."

बाईंना रडू येत होतं, पण रडणं हा सोपा रस्ता झाला असता. "माझा हात गेला नाही," त्या म्हणाल्या. "मला मागे झटका बसलाय, कारखान्यात. तेव्हापासून जात नाही."

"हे बरं होतं का?"

"माझं नाही झालं."

लवंगीने मान वळवली. "मग एवढे दिवस मेन..."

"तुम्ही चढवायचात. मी तुमच्याकडून करून घ्यायचे."

लवंगीने भिंतीवरच्या त्या रंगवलेल्या अक्षरांकडे पाहिलं, मग बाईंकडे. तिचा चेहरा लाल झाला. "म्हणजे सर तिकडे भाषणं देत होते आणि तुम्ही इकडे आम्हाला पुढे करत होतात? आम्हाला वाटायचं, बाईंचा आमच्यावर विश्वास आहे!"

"विश्वास होता."

"आणि भीती?"

"ती जास्त होती."

बाहेर पोरं हसत-खिदळत होती. लवंगी मेनपासून दोन पावलं मागे झाली आणि रबरी चटईकडे बोट दाखवून म्हणाली, "मग आज तुम्ही करा."

नवा स्विच बसवलेला होता. जोड बाईंनी स्वतः तपासलेले होते. डोकं म्हणालं, काही होणार नाही. बाई चटईवर उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, आता आपण पळत सुटणार. बधिर बोटांनाही दांड्याचं लोखंड लागल्यासारखं वाटलं. त्यांनी डोळे गच्च मिटले, तोंडातून एक विचित्र किंकाळी निघाली आणि दांडा वर गेला.

किंकाळी ऐकून पोरं दारात धावत आली. बोर्डावरचा दिवा लागला होता. बाई दांडा धरून उभ्या होत्या, गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात सोडवत नव्हता.

लवंगीने जवळ येऊन त्यांची बोटं दांड्यावरून एकेक करून सोडवली. तिचा चेहरा अजून रागातच होता.

"उद्याही तुम्हीच करायचं," ती म्हणाली. "मी बाजूला उभी राहीन. मग परवा मी."

"हो," बाई म्हणाल्या, आणि उद्याचा विचार मनात येताच त्यांना पुन्हा दरदरून घाम फुटला.