थांबलेला म्होरक्या

युकॉन नदीकाठच्या त्या गावात विल्बर पिट्काच्या कुत्र्यांना मान होता, आणि त्याची बर्फगाडी ओढणाऱ्या ओळीत सर्वांत पुढे धावणारा म्होरक्या टक याला सगळ्यांत जास्त. गावातल्या निम्म्या पिल्लांचा बाप तोच, हे विल्बर येताजाता ऐकवायचा. "जनावराची बढाई मारू नये आणि त्याला टाकूनही बोलू नये, त्याला ऐकू जातं," असं त्याची आजी सांगत असे. त्या मार्चमध्ये विल्बरनं दोन्ही केलं.

गाडीचं कुत्रं पळता पळताच लघवी उरकतं. एक थांबलं की सगळी ओळ अडखळते. आणि बर्फगाड्यांच्या शर्यतीत, अख्खं गाव बघत असताना, टकच थांबला. पाय फाकवून कुंथत राहिला. थोडं पळून पुन्हा तेच. मागच्या गाड्या पुढे निघून गेल्या.

"विल्बर, थकलंय कोण, कुत्रा की मालक?" शेजारच्या क्लिफर्डनं विचारलं. हशा पिकला.

"कामचोर मेला," म्हणत विल्बरनं टकला पुढून सोडलं आणि सगळ्यांदेखत ओळीच्या शेवटी, टकच्याच एका वाढलेल्या पिल्लाशेजारी जुंपलं. मागचे पाय ताठ टाकत टक निमूट ओढत राहिला.

दुसऱ्या दिवशी टकच्या खोपटातलं गवत बदलताना विल्बरच्या बायकोला, लोर्नाला, रक्ताचे थेंब दिसले. दोघं त्याला छोट्या विमानानं फेअरबँक्स शहरात घेऊन गेली.

"प्रोस्टेट सुजलंय, आत जंतू झालेत," जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पळताना फार कळा आल्या असतील. काही आठवडे गोळ्या द्या, बरा दिसला तरी मध्येच सोडू नका. मग खच्ची करा, नाहीतर दुखणं उलटेल."

"नुसत्या गोळ्याच द्या," विल्बर म्हणाला. "लोक माझ्याकडे याची पिल्लं मागतात."

लोर्नानं त्याला बाहेर ओढलं. "मागल्या हिवाळ्यात तुझंच प्रोस्टेट सुजलं होतं. दर वळणाला गाडी थांबवून झाडामागं जायचास. तुला कुणी कामचोर म्हणालं? तू येईपर्यंत हाच पुढे दोरी ताणून सगळ्या ओळीला जागेवर धरायचा ना?"

विल्बरचे कान तापले. तो आत गेला आणि खाली बघूनच म्हणाला, "करा खच्ची."

रविवारी चर्चमध्ये क्षमेची प्रार्थना आली तेव्हा त्याचे ओठ हलले नाहीत. ज्याची क्षमा मागायची, तो घरी खुंट्याला होता.

गोळ्या संपल्या, शस्त्रक्रिया झाली. बर्फ जायच्या आत विल्बरनं पुन्हा गाडी जुंपली, टकला वर पांघरुणात बसवलं आणि मुद्दाम गावातून नेली.

"म्होरक्या प्रवासी झाला वाटतं," क्लिफर्ड म्हणाला.

विल्बरनं गाडी थांबवली. "त्या दिवशी तो आजारी होता. मला कळलं नाही, आणि मी त्याला तुमच्यासमोर नको ते बोललो. आता खच्ची केलाय, तेही ऐकून ठेवा."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं त्याला वाटलं.

नदीच्या वळणावर त्याला स्वतःलाच उतरावं लागलं. झाडामागून परतला तेव्हा टक त्याच वाटेकडे डोळे लावून बसला होता. त्यानं विल्बरचा हात चाटला. विल्बरला त्याच्या डोळ्यांत बघवेना, पण हात त्यानं काढून घेतला नाही.