साडेनऊ बोटांचा पियानो

समुद्राशी आणि शेजाऱ्यांशी एकाच वेळी वैर पत्करून सुखाने जगणारा माणूस सबंध देवबागेत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला यावा ही आमच्या घराण्याची पत्रिका. माझे हे भावजी होड्यांच्या इंजिनांचे मिस्त्री. बंद पडलेलं कुठलंही इंजिन ते कानाने तपासत. टाकीवर कान टेकवायचा, डोळे मिटायचे, "हेच्या पोटात पाणी गेलां" असं सांगायचं आणि ते खरं निघायचं. इथपर्यंत सगळं बरं होतं. पण वयाच्या बावन्नाव्या वर्षी हाच कान त्यांनी एका पियानोला टेकवला आणि आमच्या ताईच्या संसारात पाणी गेलं.

पियानो मालवणातल्या एका म्हाताऱ्या ख्रिश्चन शिक्षिकेचा. बाई कायमच्या गोव्याला मुलीकडे निघाल्या होत्या आणि भावजी त्यांचा विहिरीवरचा पंप दुरुस्त करायला गेले होते. पंप राहिला बाजूला. हे पियानोचं झाकण उघडून आत डोकं घालून बसले. बाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "न्हे तुका व्हयो तर. पण वाजव. तेच्यार कपडे सुकत घालू नको."

तारकर्लीवरून सरळ डांबरी रस्ता असताना भावजींनी तो खाडीतून होडीने आणला. "टेम्पोन न्हेलंय तर खड्डे सुरांक लागतले," हे कारण. सहा माणसं, मध्ये गोधडीत गुंडाळलेली लांबरुंद पेटी, आणि गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेली होडी असं ते ध्यान किनाऱ्याला लागलं, तेव्हा गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी परगावी वारलेल्या कोणाचं तरी प्रेत आलं असं समजून हात जोडले. ताईनेही जोडले, पण वेगळ्या कारणासाठी.

मग शिक्षण सुरू झालं. गुरू नाही, पुस्तक नाही, सरगमदेखील नाही. सुरांना भावजी नावंसुद्धा इंजिनाचीच देत. "डावीकडचो मिस मारता," म्हणून ते पाना घेऊन आत शिरत आणि तारा पिळत. आतल्या लाकडी हातोड्यांना त्यांनी एकदा ग्रीस लावलं होतं. त्यानंतर चार महिने पियानोतून डांबरगोळ्या, ग्रीस आणि वरच्या फळीवर ठेवलेली सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोळंबी, यांचा मिळून एक वास येई, आणि तो सुरांपेक्षा लांब पोचे. खाऱ्या हवेने चार पट्ट्या पहिल्याच पावसाळ्यात गेल्या. त्या दाबल्या की नुसता लाकडाचा 'ठक्' असा आवाज यायचा. त्या मात्र काही केल्या जिवंत झाल्या नाहीत.

त्यातून भावजींच्या डाव्या हाताची अनामिका अर्धी. तरुणपणी एका इंजिनाच्या पट्ट्यात गेली. त्यामुळे आरती वाजवावी तर ती मध्येच लंगडे, आणि सिनेमाचं गाणं दोन ओळींनंतर खड्ड्यात पडल्यासारखं होई. दुसऱ्या कोणी या दोन अपंगत्वांपुढे हात टेकले असते. भावजींनी वर्षभर प्रयत्न केला आणि एके दिवशी मला गंभीरपणे सांगितलं, "मेवण्यानू, लोकांची गाणी धा बोटांची आसत. माका माझ्या मापाची शिवूक व्हयी."

आणि त्यांनी ती शिवली. एकामागून एक. त्यांच्या चालींची नावं ऐकून हसू यायचं. एकीचं नाव 'डिझेल संपला', एकीचं 'जावई जेवून गेलो'. सगळ्यात लांब चालीचं नाव 'चार दिवस अबोलो'. ताईच्या शिवणयंत्राचा पट्टा काढून त्यांनी पियानोच्या पायपट्टीला बांधला, त्यानंतरच्या चार दिवसांत ती तयार झाली. ताई मला म्हणाली, "आठ दिवस अबोलो धरलो आसतंय, पण मगे तां आणखी लांबला आसता."

मी कुडाळला शाळामास्तर. सुट्टीला देवबागेत गेलो की मला पियानोशेजारच्या खुर्चीत बसवलं जाई. मी मान हलवत असे. कुठे हलवायची हे कळत नसल्याने सारखीच हलवत असे. ताईने पुढे घरात पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या, तेव्हा भावजींना रोज नवे श्रोते मिळाले. घावणे आणि नारळाचा रस पुढ्यात आला की पाहुणा उठू शकत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. एका पाहुण्याने इंटरनेटवर लिहिलं, 'जेवण उत्तम. पियानो टाळता आला असता तर बरं झालं असतं.' ताईने ते रागाने वाचून दाखवलं. भावजी खूश. "टाळूक जमला नाय म्हणजे आयकल्यान तरी!"

पासष्टी उलटली आणि भावजींची बोटं सकाळी आखडायला लागली. डॉक्टरांनी सांध्यांचं कारण सांगितलं आणि पाना हातात धरायला बंदी केली. पियानोची मागची फळीही त्याच सुमारास तडकली. भावजी म्हणाले, "माझो हात आणि हेचा लाकूड, पयला कोण जाता ठावक नाय. त्याच्या आधी ह्यां खंय तरी भरून ठेवूक व्हया."

मी त्यांना आमच्या कुडाळातल्या एका रेकॉर्डिंगवाल्याकडे नेलं. हा माणूस भजनं आणि दशावतारी नाटकातली पदं रेकॉर्ड करणारा, मोठा सज्जन. त्याच्याकडे विजेवर चालणारा कोरा करकरीत पियानो होता. भावजींनी बसून 'डिझेल संपला' सुरू केली आणि पाचव्या सेकंदाला ओरडले, "अरे, हय कसो बोलता ह्यो? हय गप ऱ्हवाचा आसता!"

तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं. त्या चार मेलेल्या पट्ट्या ते चुकवत नव्हते. चालीत त्यांना जागा दिलेली होती. इंजिन बंद पडलं की होडीच्या लाकडावर पाणी ठक्-ठक् आपटतं, ते या पट्ट्या वाजवायच्या. रेकॉर्डिंगवाला समजुतीने म्हणाला, "काका, त्या चार पट्ट्या मी कंप्युटरवर बंद करतो." भावजी उठून चपला घालू लागले. "बंद करून गप आणि मरून गप, ह्येत फरक आसता, बाबा."

तो सज्जन माणूस यावर रागावला नाही. म्हणाला, "मग यंत्रं घेऊन मीच तुमच्याकडे येतो."

नारळी पौर्णिमेचा दिवस ठरला, कारण दुपारी सबंध गाव नारळ घेऊन किनाऱ्यावर असतो. ताईने फ्रिज बंद केला, घड्याळ उतरवून उशीखाली घातलं, कोंबड्या डालग्याखाली कोंडल्या. पहिल्या खेपेला पडवीच्या पत्र्यावर नेम धरल्यासारखा एक नारळ पडला. दुसऱ्या खेपेला मला शिंक आली आणि भावजींनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढची मी गिळली. मग मात्र कोणी हललं नाही. एकामागून एक सात चाली झाल्या. मधून मधून भावजी बोटं गरम पाण्याच्या वाटीत बुडवत, पंच्याला पुसत आणि पुन्हा बसत. शेवटच्या चालीत करंगळी वळेना, तेव्हा त्यांनी ओठ आवळून ती तशीच मारली.

रेकॉर्डिंगवाल्याने त्यांच्या कानाला हेडफोन लावले.

एवढ्या वर्षांत भावजींनी आपलं वाजवणं बाहेरून कधी ऐकलंच नव्हतं. वाजवताना त्यांचं लक्ष कुठली तार सैल झाली याकडे. ते डोळे मिटून ऐकत राहिले. एक चाल, दुसरी चाल. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे वळले.

"ह्यां मी वाजवलंय?"

"मग कोणी?"

"बरा वाजता हां." आवाज अगदी लहान झाला होता. "इतकी वर्सां तुमी कोण बोलूक नाय माका."

मी पंधरा वर्षं त्या खुर्चीत बसलो होतो, पण ऐकत नव्हतो, संपण्याची वाट पाहत होतो. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "माका म्हायत होता."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"तुमी इचारलास कधी?"

भावजींनी हेडफोन उचलले आणि ताईच्या अंबाड्यावरून अडखळत तिच्या कानांवर बसवले. नारळीभाताचे हात कशाला लागू नयेत म्हणून तिने दोन्ही हात पुढे धरले होते. सातही चाली तिने तशाच उभ्याने ऐकल्या.

यंदा दिवाळीपासून भावजींची बोटं पुरती मिटत नाहीत. पियानोवर झाकण असतं. त्यांच्या चाली इंटरनेटवर आहेत, थोडे लोक ऐकतात, बहुतेक चुकून. पण घरी पाहुणा आला की भावजी न्याहारीनंतर मोबाईल आणि हेडफोन घेऊन येतात, त्याच्या कानाला स्वतः लावतात आणि समोर खुर्ची ओढून त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसतात. चेहऱ्यावर जरासं काही हललं की पुढे वाकून हळूच म्हणतात, "बरा वाटला तर आत्ताच सांगा हां."