ह्यांचा विळा मी पोलिसांना दिला

नाही हो, रक्त नव्हतं ते. कुंकू होतं.

इथं अमेरिकेत, आमच्या अर्विंग गावभर गोष्ट फिरतेय म्हणे, काकूंनी रक्ताळलेला विळा पोलिसांना नेऊन दिला. आज ह्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून एकदाच लिहिते.

गावाहून ह्यांनी एकच वस्तू हट्टानं आणली होती. ज्वारी कापायचा विळा. चेक-इन बॅगेत, माझ्या लुगड्यात गुंडाळून. लुगडं फाटलं. विळा शाबूत, म्हणून हे खूश!

मग विसरायला लागले. आधी घराचा रस्ता, मग सुनेचं नाव, मग माझं.

धार लावायचं मात्र नाही विसरले. घ्या!

सकाळी चहा झाला की निघायचे. लोकांच्या दारापुढे शोभेचं उंच गवत असतं ना, ते बुडापासून कापायचे. पेंढ्या बांधून ज्याच्या त्याच्या दारात उभ्या करायचे.

मी म्हटलं, "अहो, मजुरी तरी मागा!"

"पाऊस यायच्या आत उरकायचंय."

आभाळात एक ढग नव्हता.

समोरच्या बाईच्या डोअरबेल कॅमेऱ्यात हे दिसले. तिनं व्हिडिओ कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लोकांनी काय लिहिलं, ते माझ्या मुलानं, नितीननं, मला वाचून दाखवलं नाही. नुसता फोन उलटा ठेवला.

"आई, पोलीस बंदूक रोखून 'ड्रॉप इट' ओरडले, तर बाबांना कळणार आहे का?"

त्याच शनिवारी चर्चच्या पार्किंगमध्ये पोलिसांनी टेबल मांडलं होतं. घरातले नको असलेले सुरे, हत्यारं आणून द्या, कोणी काही विचारणार नाही. हे झोपलेले. मी आणि नितीन गेलो.

आता आपल्याकडं विळा कुणी हातात देतं का? भांडण लागतं. खाली ठेवायचा, घेणाऱ्यानं उचलायचा. मी ठेवला पोलिसाच्या बुटापुढे आणि उभी राहिले वाट बघत.

तो दोन पावलं मागे. हात कमरेच्या पिस्तुलावर.

"मॅम, स्टेप बॅक!"

पात्यावर परवाच्या खंडेनवमीच्या पूजेचं कुंकू. त्याला वाटलं, म्हातारीनं कुणाला तरी उरकलं.

नितीनला घाम फुटला. मला आलं हसू.

शेवटी हातमोजे घालून त्यानंच उचलला. मी म्हटलं, "केअरफुल. व्हेरी शार्प."

घरी ह्यांनी सगळं पालथं घातलं. गाद्या, ड्रायर, डिशवॉशर.

"माझा विळा कुठंय गं?"

"चोरानं नेला."

मग बाहेर पडणंच बंद झालं. खिडकीशी बसायचे, उजवी मूठ अर्धी मिटलेली. तीन महिन्यांत गेले.

तेव्हापासून सगळे म्हणतात, "काकू, तुम्ही काकांना गोळीपासून वाचवलंत." नितीनही तेच सांगतो. मी मान हलवते.

अहो, असाल तिथं वेळेवर जेवा. नमस्कार करते.

आता खरं सांगते. नितीन, तूही वाच.

त्या शनिवारच्या आधी एका दुपारी मी केस विंचरत बसले होते. हे मागून आले. डाव्या मुठीत माझे केस धरले, मानेशी, ज्वारीची ताटं धरतात तसे घट्ट. उजव्या हातात विळा.

"अहो, मी आहे!"

"एवढंच राहिलंय कापायचं," म्हणाले.

कुकरची शिट्टी झाली, हे तिकडं वळले, म्हणून मी सुटले.

पोलिसांची भीती मला नव्हतीच. मला ह्यांची भीती वाटली, म्हणून दिला विळा.