दोन बोटांची फट

स्लॅब चालू असताना मी फोन घेत नाही. घरच्यांना हे माहीत आहे, सिमेंटवाल्याला माहीत आहे आणि पाठक मॅडमना तर चांगलंच माहीत होतं. म्हणून त्या दिवशी शिर्डीत एका लॉजच्या तिसऱ्या मजल्यावर काँक्रीट पडत असताना त्यांचा नंबर दिसला, तेव्हा मी आधी चिडलो आणि मग चरकलो. फोनवर त्यांची मुलगी होती. "शेटेकाका, आई गेली... सकाळीच." मिक्सरच्या आवाजात मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने तेच सांगितलं. स्लॅब मध्येच थांबवता येत नाही. थांबवला तर तिथे जोड राहतो आणि तो जोड जन्मभर गळतो. मी शेवटची पाटी पडेपर्यंत उभा राहिलो आणि मग नगरला निघालो. उशीर झाला, पण त्याची मला मुळीच खंत नाही. स्लॅब अर्धा टाकून गेलो असतो, तर मॅडमनी तशाही अवस्थेत मला झापलं असतं.

सुमेधा पाठक या आर्किटेक्ट. नगरला भिक्षुकी आणि शिक्षकी करत आलेल्या घरातली ही पहिली बाई, जी शिडी चढून छपरावर गेली. मी सोनईचा, बांधकामाचा ठेकेदार. आमची पहिली भेट म्हणजे सरळ सरळ भांडण. सोनईच्या जवळच्या एका गावात मिशनच्या काळातलं दगडी चर्च आहे. मंडळी वाढली होती, आत मावत नव्हती. नाताळात निम्मे लोक बाहेर मांडवात बसायचे. त्यात एका बाजूची भिंत फुगलेली, तडे गेलेले. पंचांनी ठरवलं, पाडायचं आणि नवीन बांधायचं. पाडायचं काम मला मिळालं. मी जेसीबी सांगून ठेवला आणि बघायला गेलो, तर पायरीवर एक बाई बसलेली. पाळकसाहेबांना राहवलं नव्हतं म्हणून त्यांनी मॅडमना एकदा बघून जा म्हणून बोलावलं होतं.

"तुम्ही पाडणारे का?" त्यांनी विचारलं.

"मी बांधणारा," मी म्हणालो. "आधी पाडावं लागतं."

"कुणी सांगितलं?"

मला असा राग आला म्हणून सांगू! पण त्यांना जुन्याचं वेड होतं, असं कुणी समजू नये. पुढे सोनईत एका व्यापाऱ्याने वडिलांचं जुनं घर जतन करायचं म्हणून त्यांना मोठ्या हौसेने नेलं होतं. मॅडमनी घर फिरून पाहिलं, चहा घेतला आणि म्हणाल्या, "पाडा. वडिलांची आठवण वेगळी आणि हे बांधकाम वेगळं. याच्यात राम नाही." व्यापाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तिथे त्यांनी नवीन घर काढून दिलं. भर चैत्रातही दुपारी पंखा लावावा लागू नये, असं. जुनं ते सोनं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. आधी पारखा, मग बोला, एवढंच त्यांचं म्हणणं.

चर्च त्यांनी पारखलं ते त्यांच्या पद्धतीने. कागद-पेन्सिल न घेता त्या रविवारच्या उपासनेला जाऊन बसल्या. पुढच्या रविवारी परत, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. कधी बायकांच्या चटईवर, कधी मागे दारापाशी, कधी बाहेर उन्हात. मग पंचांना म्हणाल्या, "तुमची भिंत म्हातारी झालेली नाही, ती गुदमरली आहे." मागे कुणीतरी चुन्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा फासला होता, त्यामुळे ओल आतच कोंडली होती. आम्ही तो गिलावा सोलून काढला आणि भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवली. मग चुना मळला, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी. शांतवन काका, म्हणजे तिथले सगळ्यात जुने पंच, पक्के शेतकरी माणूस, गूळ बघून म्हणाले, "आमच्या पोरांस्नी न्हाई एवढा गूळ, अन् भिंतीला!" मॅडमनी एक खडा त्यांच्या हातावर ठेवला.

वाढलेल्या मंडळीसाठी शेजारी नवीन दालन आणि मागे बालवाडीची खोली, असा आराखडा झाला. पंचांनी मान्य केला, पण अट घातली. एक पावसाळा जाऊ दे, जुन्या भिंतीला एक जरी नवा तडा गेला तरी सगळं पाडायचं आणि पुन्हा कुणी आडवं यायचं नाही. मॅडम "बरं" म्हणाल्या. इतक्या सहज म्हणाल्या की मलाच घाम फुटला.

कारण मला माहीत होतं, नवीन भिंत जुन्या भिंतीला भिडते तिथेच तडा जातो. मी म्हणालो, जुन्या भिंतीत दातांसारख्या खाचा पाडून नवीन भिंत त्यात घट्ट गुंतवू. त्या म्हणाल्या, "शिवायचंसुद्धा नाही. मध्ये फट ठेवा." मी म्हणालो, "मॅडम, लोक म्हणतील, शेटे भिंत जोडायला विसरला." तेव्हा त्यांनी मला समजावलं ते असं... "ही काळी माती आहे, शेटे. पाया मुरमापर्यंत नेलात तरी नवीन बांधकाम थोडंफार खाली बसणार. जुनं बसायचं तेवढं कधीच बसून झालंय. दोघांना बांधून टाकलंत, तर नवीन बसताना जुन्याला ओढणार. शेजारी राहू द्या त्यांना, गळ्यात गळा नको." वरून पावसासाठी पत्र्याची पट्टी आणि मध्ये वरपासून खालपर्यंत दोन बोटांची फट. मोजपट्टी असून मॅडम स्वतःची दोन बोटंच घालून बघायच्या. प्रत्येक भेटीत, चपला काढायच्याही आधी.

आणि नव्या दालनाच्या समर्पणाच्या आदल्या दिवशी त्यांची बोटं आत गेली नाहीत. शांतवन काकांनी आणि आणखी दोघांनी मिळून सकाळीच फट सिमेंटने गच्च भरली होती, वर चुना फासून अगदी गुळगुळीत केली होती. "पाव्हणे येनार, बिशपसाहेब येनार," काका अभिमानाने सांगत होते, "भिंत अशी फाटकी दिसल्याली बरी न्हाई. म्हनलं, मॅडमचं नाव खराब व्हाया नको." मी तोंडाचा पट्टा सोडला. मॅडमनी मला हाताने गप्प केलं आणि काकांना विचारलं, "पायजम्याला नाडी घालताना काका, जागा ठेवता ना थोडी? जेवण झाल्यावर काय होतं?" काका लाजले. मग मॅडमनी पदर खोचला, बारीक छिन्नी घेतली आणि आम्ही सगळे ओलसर सिमेंट खरवडायला बसलो. हातोडा मारायचा नाही, दगड दुखावायचा नाही. समर्पणाच्या दिवशी बिशपसाहेब प्रार्थना करत होते तेव्हा मॅडमच्या साडीवर सिमेंटचे ठिपके होते आणि शांतवन काकांच्या नखांत चुना. फट तेवढी मोकळी होती.

त्या वर्षी पाऊस कसला, ढगच फुटत होते. पावसाळा संपल्यावर पंच, पाळकसाहेब, मी आणि मॅडम, सगळे भिंतीसमोर उभे राहिलो. नवीन दालनाची फरशी उंबऱ्यापाशी बोटाच्या पेराएवढी खाली गेली होती. जुन्या भिंतीला केसाएवढाही तडा नव्हता. पाळकसाहेबांनी टोपी काढली. मॅडम फक्त म्हणाल्या, "बालवाडीला खिडक्या मोठ्या हव्या होत्या. माझं चुकलंच." मला त्या क्षणी त्यांचा इतका अभिमान वाटला की मी दुसरीकडे तोंड करून पानसुपारीचं निमित्त काढलं.

तेव्हापासून दर दसऱ्याला शांतवन काकांचा फोन येतो. मॅडमना थेट फोन करायचा त्यांना संकोच, म्हणून मला. ते फटीत बोटं घालून बघतात, आतला पाखरांचा काडी-कचरा काढतात आणि सांगतात, "मॅडमला सांगा, मोकळं हाय." मी मॅडमना सांगायचो. त्या म्हणायच्या, "बरं झालं," आणि लगेच माझ्या चालू कामातली चूक काढायच्या.

परवा मंडळीने त्यांच्यासाठी स्मरणाची उपासना ठेवली. मॅडमची मुलगी आली होती. उपासना झाल्यावर मॅडमच्या नावाची संगमरवरी पाटी कुठे बसवायची, यावर चर्चा निघाली. एक तरुण पंच म्हणाला, दोन भिंतींच्या जोडावर बसवू, फटही झाकली जाईल. मी तोंड उघडणार, एवढ्यात शांतवन काका काठी टेकत उठले. "तितं न्हाई," म्हणाले. "तितं काईच न्हाई लावायचं. बालवाडीच्या खोलीत लावा, पोरं वाचत्याल." मग ते सवयीने भिंतीपाशी गेले. त्यांची बोटं आता वाकडी झाली आहेत, पण दोन्ही आत गेली. वर-खाली फिरवून त्यांनी हात झटकला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडमला सांगा, मोकळं..."

आणि तिथेच थांबले.

"सांगतो, काका," मी म्हणालो.