गच्चीवर वाळवलेला मका

अन्न फेकलेलं दामोदर आपट्यांना बघवत नसे. सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून ते साताऱ्याहून बंगळुरात आले, मल्लेश्वरममध्ये फ्लॅट घेतला आणि तिथेच निवृत्त झाले. मग इमारतीतल्या शिळ्या पोळ्या, भाज्यांची देठं गोळा करून मागच्या गल्लीतल्या यल्लव्वाच्या गोठ्यात नेऊन द्यायचं त्यांनी अंगावर घेतलं. यल्लव्वा मूळची बेळगावकडची. तिच्या दोन गायी होत्या आणि त्यांचं दूध आसपासच्या घरांत जायचं. इमारतीतले लोक आपट्यांचं कौतुक करत आणि त्यांनाही ते आवडे.

एका पावसाळ्यात कोपऱ्यावरच्या किराणावाल्या नागराजच्या दुकानामागच्या खोलीत पाणी शिरलं. मक्याची पोती भिजली, कुबट वास सुटला. नागराज ती कचऱ्याच्या गाडीत घालायला निघाला होता, तेवढ्यात आपटे तिथे पोचले. असं धान्य टाकतात का, म्हणून त्यांनी त्याला चार शब्द सुनावले आणि पोती ऑटोत घालून घरी आणली. गच्चीवर जुन्या चादरी अंथरून मका पसरला. दाण्यांवर हिरवट बुरशी धरली होती. ऊन पडेल तसा ते तो वाळवत राहिले. खडखडीत वाळल्यावर पाखडला, तशी हिरवी भुकटी उडून गेली आणि मका बराचसा चांगला दिसायला लागला.

यल्लव्वाने मूठभर दाणे हातात घेऊन निरखले.

"अण्णा, ह्यो काळपट दिसायलाय की. गाईला चालतंय न्हवं?"

"कडक उन्हात वाळवलाय. उन्हानं बुरशी मरते," आपटे म्हणाले. "आणि जनावराचं पोट आहे ते. त्याला सगळं पचतं."

"सरी, अण्णा," ती म्हणाली आणि पोती आत ओढली. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर तिने पुढे काही विचारलं नाही. मका भरडून ती रोज गायींच्या आंबोणात घालू लागली.

थोरली गाय, कावेरी, गाभण होती. आधी तिचं खाणं कमी झालं, मग दूध आटलं. बरगड्या दिसायला लागल्या, डोळे पिवळट झाले आणि एका सकाळी ती गाभडली, गर्भ पडला. यल्लव्वाने सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर कृष्णमूर्तींना बोलावून आणलं. नेमके त्याच वेळी आपटे पोळ्यांची पिशवी घेऊन गोठ्यात आले.

डॉक्टरांनी गाय तपासली, मग आंबोणाच्या पाटीत हात घालून भरडा नाकाशी नेला. ते कन्नडात शांतपणे सांगत होते. ओल्या धान्यावर बुरशी येते आणि ती धान्यात विष सोडते. उन्हाने बुरशी मरते, विष मरत नाही. ते शिजवूनही जात नाही. गाईच्या यकृतावर त्याचा मारा होतो आणि ते दुधातही उतरतं. धाकटीचं दूध सध्या कुणालाही देऊ नका. हा मका बंद केला की थोड्या दिवसांत ते साफ होईल, मग आपण तपासून घेऊ. थोरलीचं मात्र काही सांगता येत नाही.

"पण हा मका आणला कोणी?" त्यांनी विचारलं.

गोठ्याच्या दारात शेजारपाजारचे चारपाचजण उभे होते. यल्लव्वाने एकदा आपट्यांकडे पाहिलं.

"मीच आणला, सर," ती म्हणाली.

आपटे बोलले नाहीत. आता बोलू, मग बोलू, असं करता करता डॉक्टर निघून गेले. पोळ्यांची पिशवी तशीच घेऊन तेही घरी आले.

संध्याकाळपर्यंत गोष्ट इमारतभर झाली. समोरच्या फ्लॅटमधली प्रांजली आपट्यांकडे आली. तिची लहान मुलगी यल्लव्वाचंच दूध पीत होती. प्रांजलीचा चेहरा उतरलेला होता.

"काका, तुम्ही तर रोज जाता तिथे. सडका मका घालते ही बाई, आणि तेच दूध आपल्या मुलांना? इतकी निष्काळजी असेल असं वाटलं होतं का हो तुम्हाला?"

"नाही ना," आपटे म्हणाले. "वाईट झालं."

ती गेल्यावर ते खुर्चीतून उठले नाहीत. गोठ्यात गप्प राहिलो ते गडबडीत, असं स्वतःला सांगता आलं असतं. आत्ताचं मात्र त्यांनी विचार करून केलं होतं.

पुढे इमारतीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की हा गोठाच इथून हलवायला हवा, आपण तक्रार करू. खाली होकाराचे अंगठे येत गेले. आपटे ते वाचत आणि फोन पालथा ठेवत. बाजारात जायला त्यांनी दुसरी गल्ली धरली. तरी एकदा कोपऱ्यावरून त्यांना दिसलं, कावेरीला दोरांनी बांधून टेम्पोत चढवत होते. ती मेली होती. यल्लव्वा टेम्पोमागे थोडं चालत गेली आणि थांबली.

आपटे तिथूनच परत फिरले आणि प्रांजलीचं दार वाजवलं. मका मी आणला, मी वाळवला, चालेल असं मीच सांगितलं, हे त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

प्रांजलीने त्यांना आत बोलावलं नाही. "काका, त्या दिवशी माझ्यासमोर बसून तुम्ही 'वाईट झालं' म्हणालात."

आपटे घरी आले. तेच सगळं त्यांनी ग्रुपवरही लिहिलं, शेवटी नाव घातलं. तक्रारीचं कुणी पुन्हा काढलं नाही. मग ते गोठ्यात गेले. यल्लव्वा शेण भरत होती. तू माझं नाव का नाही घेतलंस, असं त्यांनी विचारलं.

"चारचौघांत तुम्हाला मान खाली कशी घालायला लावू, अण्णा?" ती घमेलं न ठेवता म्हणाली. "पर मला वाटलं हुतं, तुम्हीच बोलशीला."

आपटे माफ कर म्हणाले. तिने मान हलवली, पण ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, त्यांना कळलं नाही. यापुढे गोठ्यात काही आणू नका, एवढं तिने सांगितलं.

उरलेला मका डॉक्टरांच्या माणसाने नेला. प्रांजलीच्या मुलीला तपासून आणलं, तिला काही झालेलं नव्हतं. धाकटीचं दूध तपासून चांगलं निघालं, तशी काही घरं यल्लव्वाकडे परत आली, काही नाही आली. प्रांजलीने सुरू केलं. आपट्यांशी मात्र ती लिफ्टमध्ये अजून बोलत नाही, आणि तिने बोलावं इतका हक्क आपल्याला उरलाय असं त्यांनाही वाटत नाही.