हजेरीपटातली बिनचेहऱ्याची माणसं

काशिनाथ देऊळगावकरांनी भोपाळच्या कारखान्यात चौतीस वर्षं हजेरी लिहिली. टाइम ऑफिसच्या खिडकीत माणूस यायचाच नाही, बिल्ला यायचा. त्यावरचा नंबर बघायचा आणि हजेरीपटावर खूण करायची. अमरावतीहून आलेला हा बाबू युनियनचा पक्का, आणि मार्क्सचा त्याहून पक्का. एक्क्याण्णव साली ते निवृत्त झाले आणि एकतीस तारखेला क्वार्टर सोडायची वेळ आली. सुमित्राबाईंनी बोचकी बांधली, नागपूरला घेऊन ठेवलेलं घर झाडून घ्यायला सांगितलं. नवरोबा मात्र जागचे हलेनात.

"वही पुरी झाल्याशिवाय येत नाही," म्हणाले.

कसली वही म्हणून विचाराल तर डोक्याला हात लावाल. वसाहतीच्या वाचनालयातली जादूची, राजाराण्यांची, राक्षसांची सगळी पुस्तकं ह्या गृहस्थाने पालथी घातली होती. "अहो, चुटकीसरशी महाल उभा राहतो म्हणे! गवंडी गायब केले की त्याला जादू म्हणतात. अनाथ पोरगा शेवटी राजपुत्रच निघतो. सुताराचा निघाला तर गादीवर कोण बसवेल? राक्षस मेला की खरा वारस परत येतो आणि जमीन पुन्हा त्याचीच. कसणाऱ्याने काय करायचं? जयजयकार!" असं ते दर रविवारी वाचनालयात ऐकवत, आणि लोक फिदीफिदी हसत. मग चिडून त्यांनी एका वहीत हजेरीपट आखला. गोष्टींतले मशालजी, पाणके, घोड्यांना दाणा घालणारे, लेखकाने ज्यांना नावच दिलं नव्हतं, अशा प्रत्येकाला एक नंबर आणि पुढे खूण: हजर.

इथेच घात झाला.

तीस तारखेच्या दुपारी सुमित्राबाई चहा घेऊन अंगणात आल्या. शेजारची क्वार्टर्स केव्हाच रिकामी झालेली, त्यांच्या पायऱ्यांवर गाजरगवत माजलेलं. आणि ह्यांच्या अंगणात माणसं रांगेने उकिडवी बसलेली! जळक्या तेलाचा वास येत होता. "कोण हो तुम्ही?" म्हटल्यावर माना वर झाल्या. एकालाही चेहरा नव्हता, नुसता कणकेच्या गोळ्यासारखा सपाटपणा. गोष्टीत कुणी वर्णनच केलं नव्हतं, तर येणार कुठून?

"बाबूजी," त्यांतला एक काशिनाथांना म्हणाला, "हाजिरी तो लगा दी. छुट्टी कब होगी?"

काशिनाथ पांढरेफटक पडले. राजाच्या राज्यात पाळी सुटल्याचा भोंगा कुठला वाजायला? त्यांनी माणसं हजर करून घेतली होती, सोडली मात्र नव्हती. "यांना सोडल्याशिवाय मला फाटकाबाहेर जाता येत नाही गं," ते पुटपुटले. "तीनदा प्रयत्न केला. पाऊलच उचलत नाही."

सुमित्राबाईंना भीती वाटली, पण संताप त्याहून मोठा. "नंबर कसले देता त्यांना? हेच शिकलात का युनियनमध्ये? नावं द्या आणि मोकळं करा!"

बसले लिहायला. नाव लिहिलं की चेहरा उमटे, नाक-डोळे, अगदी देवीचे व्रणसुद्धा, आणि माणूस हात जोडून फाटकाबाहेर पडे. दिवेलागणीला एकच उरली, राणीच्या न्हाणीचं पाणी तापवणारी. तिला काही केल्या नाव सुचेना.

"अहो, लिहा काहीही! सकाळी ट्रक येतोय."

त्यांनी झटकन लिहिलं: वैजयंती.

सुमित्राबाईंनी वहीत डोकावून ते वाचलं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'सुमित्रा' लिहिलं गेलं, त्याआधीचं हे त्यांचं नाव. सासूबाईंना पसंत नव्हतं म्हणून पुसलेलं. आणि ज्याने अंगठी धरली होती त्याच्या लक्षातही नव्हतं! ती बाई वळली. एकोणीस वर्षांची, हनुवटीवर तीळ, सुमित्राबाईंचाच चेहरा. त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता ती निघून गेली.

काशिनाथांनी वही मिटली. फाटकापर्यंत जाऊन आले, बाहेर पाऊल टाकून पाहिलं. "सुटलो एकदाचा! चल, सुमित्रा."

त्या हलल्या नाहीत. दुसरी हाक आली तेव्हा त्यांना वाटलं, हे कुणाला बोलावतायत? हात हनुवटीवर गेला. तिथे ना तीळ लागला ना हनुवटी, नुसता सपाटपणा. त्या अंगणात गेल्या आणि उकिडव्या बसल्या.

"तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "मला अजून कुणी सोडलेलं नाही."