मोगऱ्याच्या वासाची बाटली

दादाच्या दहाव्याला पाताळगंगेच्या काठी काकांनी बाटली फोडली, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. काका गेले, तेव्हा मी त्यांना खांदा दिला नाही. गावाने तोंडात बोटे घातली. घालू देत.

दादा मालवाहू बोटीवर खलाशी होता. एका खेपेला त्याने दक्षिण अमेरिकेतून दोन बाटल्या आणल्या, एक पांढऱ्या वाईनची आणि एक तांबडीची. चौक गावच्या शाळेत मी मास्तर, मुलांना नकाशा शिकवायचो; अँडीज पर्वत माहीत होता, पण तिथे द्राक्षे पिकतात हे दादाकडून कळले. तो म्हणाला, "माथेरानच्या दुप्पट उंचीवर मळे आहेत. पाऊस जवळजवळ नाही, बर्फ वितळून येतं ते पाणी पाटाने द्यायचं. दिवसा ऊन भाजतं, रात्री हुडहुडी भरते. तिथले गवंडी आणि गाडीवाले जेवताना पितात, महाग नाही ती. पांढरीला मोगऱ्यासारखा वास येतो बघ." पुढच्या सुट्टीत उघडू, म्हणाला, तोवर नीट जपून ठेव.

मी जपून ठेवल्या. दोन उन्हाळे गेले. दादा परत आला तो कावीळ घेऊनच. डॉक्टरांनी तेलतूपसुद्धा बंद केले, तिथे वाईन कुठली! महिन्याभरात तो गेला. जेवणाबरोबर अर्धा पेला घेणारा माणूस, पण गावाने ठरवून टाकले की बोटीवर दारू पिऊन मेला. हे पहिल्यांदा बोलले ते काका, तेही आमच्याच ओटीवर, सुतकात भेटायला आलेल्या लोकांसमोर.

मेलेल्याला जे आवडे ते पिंडाजवळ ठेवायची आमच्याकडे पद्धत. कुणाला विडी, कुणाला भजी, कुणाला द्रोणभर दारू. दारूबंदीतही काकांनी स्वतःच्या मुलाच्या पिंडाजवळ मोहाची ओतली होती आणि कुणी हूं की चूं केले नव्हते. म्हणून मी दोन्ही बाटल्या पिशवीतून नदीवर नेल्या. दादाची वस्तू दादाला चारचौघांत मिळावी, ती कसली होती ते लोकांनी पाहावे, एवढेच मला हवे होते.

पांढरी बाहेर काढली तशी काका उठले.

"हातभट्टी आणलीस व्हय रं मास्तर?"

"हातभट्टी नाही काका. द्राक्षांची आहे."

"मला शिकवतोस? द्राक्षाची तांबडी असते, बाळंतिणीला देतात ती. ती ओत हवी तर, औषध हाय. ही पांढरी भट्टीचीच. मेल्यावर तरी सोडा रं त्याला!"

कुणीतरी हसले. मी बुचात स्क्रू फिरवू लागलो होतो; काकांनी बाटली हातातून ओढली आणि खडकावर आपटली.

मी मोगऱ्याच्या वासाची वाट पाहिली. खरेच पाहिली. आला तो आंबट, नाकात झोंबणारा भपकारा.

"घ्या!" काका लोकांकडे वळून म्हणाले. "आंबलेली ताडी हाय ही. ह्यासाठी गेला हा सात समुद्रापार!"

मला तिथल्या तिथे कळले. आमच्या घरी टिकवायची वस्तू चुलीवरच्या माळ्यावर जाते. बियाणे, सुकट, सगळे तिथे धुरात, उबेत. मीही बाटल्या भाताच्या बियाण्याशेजारी उभ्या करून ठेवल्या होत्या, दोन वर्षे, रोज दोन वेळच्या जाळावर. दादाने आणलेली वस्तू चांगली होती. ती मी नासवली होती, आणि हे तिथे सांगायला एक वाक्य पुरे होते.

मी ते बोललो नाही. तांबडी पिशवीतच राहू दिली. कावळा आला, भात घेऊन गेला. लोक घरोघर गेले आणि दादा आंबलेल्या ताडीवर मेला, हे गावात कायम झाले.

काकांशी मी पुन्हा कधी बोललो नाही. बाटली फोडल्याचा राग, असे सगळे समजतात. तो आहेच. पण बाटल्या कुठे ठेवल्या होत्यास, एवढे त्यांनी त्या दिवशी दरडावून विचारले असते, तर मला खरे सांगावे लागले असते. त्यांनी विचारले नाही. त्याचीही क्षमा मी त्यांना केलेली नाही.